तीन ओळींची शिकवणी

देवळाली प्रवरा
९ जून २०२५

चि. सौ. एस्तेर हिस,
आत्याचा सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि. गुडघे सोडले तर येथील सर्व ठीक आहे.

काल जोएलचा सुप्याहून फोन आला होता. परदेशी नर्सिंगच्या इंग्रजी परीक्षेत तू दुसऱ्यांदा नापास झालीस, हे मला जावयाच्या तोंडून कळावं? ऐकणं पास, वाचणं पास, बोलणं काठावर आणि लेखनात पुन्हा आपटलीस म्हणे. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तेव्हापासून तू ज्या बाईच्या हाताखाली वाढलीस, तिने पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. तेव्हा नापास तू झालीस, पण नाक माझं कापलं गेलं.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, त्यात इंग्रजी राहून जातं. म्हणून आता शिकवणी पत्राने. तुला लांब वाक्यांची धास्ती आहे, तर आपण आखूड घेऊ. जपानी लोकांची तीन ओळींची कविता असते, हायकू. नववीतल्या भित्र्या मुलांना मी हीच लिहायला द्यायची. पहिल्या ओळीत पाच उच्चार, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. बोटांच्या पेरांवर मोजायचे. डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट लिहायची, न पाहिलेलं काही लिहायचं नाही. 'मी' नको, आणि सुख-दुःख असले शब्द तर मुळीच नकोत. इंग्रजी कविता वेगळ्या चिठ्ठीवर लिही आणि पत्रात तिचा अर्थ मराठीत दे. म्हणजे तुला काय म्हणायचं होतं आणि तू काय म्हणालीस, दोन्ही मला कळेल. चिठ्ठी लाल शाईने तपासून परत येईल.

डिसेंबरात जे झालं त्यावर बोलायचं नाही असं आपलं ठरलं आहे, तेव्हा मी बोलत नाही. एवढंच सांगते की त्या आरोग्य उपकेंद्रात दर मंगळवारी दुसऱ्यांची लेकरं हाताळत झुरण्यापेक्षा दूरदेशी जा. नवा देश, नवी माणसं, आपोआप विसर पडेल.

आणि हो, तुझ्या पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब आहे. तुझ्या बापाचं तसंच होतं, माझंही आहे. लग्नात जोएलच्या मावशीने ते पाहून आमच्या पोराचं आता काही खरं नाही असं म्हटलं होतं, कारण अशा बोटाची बाई नवऱ्यावर राज्य करते म्हणे. राज्य राहू दे, तुला इंग्रजीचं एक वाक्य ऐकेना, याला काय म्हणावं?

लोभ आहेच, सराव वाढावा.
तुझी आत्या,
दया


उपकेंद्र, ता. अकोले
२६ जून २०२५

ती. आत्यास,
एस्तेरचा सप्रेम सलाम. वि. वि. तुझं पत्र राजूरच्या जीपवाल्याने आणून दिलं. वरून ते ओलं झालं होतं, पण रागाचा भाग कोरडा होता, सगळा वाचता आला.

नापास झाल्याचं तुला सांगायचं धाडस झालं नाही. पेपरात एका पेशंटबद्दल पत्र लिहायचं होतं. बाई बाळंत होऊन घरी चाललीये, पुढच्या नर्सला तिची माहिती द्या. मी तीन ओळी लिहिल्या आणि पुढे हात चालेना. इंग्रजी येत नव्हतं असं नाही, आत्या. तिच्याबरोबर बाळही घरी चाललं होतं.

तुझ्या नियमाप्रमाणे बसून पाहिलं. पेरांवर मोजता येत नाही, मी मनगटावर दोन बोटं ठेवून नाडीसारखं मोजते, त्याची सवय आहे. मराठीत मोजायला सोपं जातं. इंग्रजीत कुठला शब्द किती वेळा तोंड उघडायला लावतो याचा भरवसा नाही. चार दिवस लागले. मंगळवारी लस देण्याआधी लेकरांचं वजन करतो तो काटा तू पाहिला आहेस, वर आकडा आणि खाली कापडी झोळी. चिठ्ठी सोबत आहे. अर्थ असा:

रिकामी झोळी
काट्यावर हलते
वाऱ्याने फक्त

आमच्या मदतनीस छबूबाईंना मी ती मराठीत वाचून दाखवली. त्या म्हणाल्या की बाई, यात काय हाय, झोळी तर रोजच हालती. मग थोड्या वेळाने आल्या आणि त्यांनी झोळी काट्यावरून काढून घडी घालून ठेवली.

जोएल गुरुवारी सुट्टीला येतो, जेवतो, झोपतो, जातो. आम्ही भाजीत मीठ कमी की जास्त एवढंच बोलतो. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मी तुझ्याकडे आले होते आणि रिकाम्या हाताने परत आले. त्याला मला काही विचारावंसं वाटत नाही की विचारवत नाही, कळत नाही.

गुडघ्यांना तिळाचं तेल लाव. माझ्यावरचा राग उतरला की लोभ पुन्हा चढू दे.
तुझी,
एस्तेर


देवळाली प्रवरा
१० जुलै २०२५

चि. सौ. एस्तेर हिस,
सप्रेम सलाम, अनेक आशीर्वाद. वि. वि. चिठ्ठी तपासून सोबत पाठवली आहे. दहापैकी सहा. शाळेत असते तर पाच दिले असते, एक गुण नात्याचा.

उच्चार एका ओळीत सहा झालेत. ते सुधारलं आहे. पण मला सांग, झोळी रिकामी कशाला? तूच म्हणतेस की मंगळवारी अठरा-वीस लेकरं येतात. त्यातलं एखादं गुटगुटीत झोळीत घाल, त्याला हातपाय झाडू दे. वाचणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे. तिथे आता भाताची आवणी चालू असेल, चिखलात वाकलेल्या बायका लिही, धुकं लिही. डोंगरातल्या माणसाला विषयांची काय कमी?

छबूबाईंचं मत विचारात घेऊ नकोस. त्यांना परीक्षा द्यायची नाही.

जोएलचं म्हणशील तर पुरुष असेच असतात. कारखान्यात त्यांचे फोन कपाटात बंद करून ठेवतात, तसं तोंडही बंद होत असेल. पुढची परीक्षा डिसेंबरात आहे, फॉर्म सप्टेंबरअखेर भरायचा. ते विसरू नकोस, बाकी विसरलीस तरी चालेल.

आशीर्वाद भरपूर, गुण मोजून.
तुझी आत्या,
दया


उपकेंद्र, ता. अकोले
१९ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. वि. वि. उत्तराला उशीर झाला. दोन आठवडे वाट बंद होती आणि मलाही उठवत नव्हतं.

तू सांगितलंस म्हणून आवणीवर लिहायला बसले. चिखलात वाकलेली बाई लिहिली, तर तिसऱ्या ओळीत तिच्या पाठीला झोळी आली. धुकं लिहिलं, तर धुक्यातून कुणाच्या तरी बाळाचं रडणं आलं. ती फाडली. सात-आठ फाडल्या. छबूबाईंनी त्या चुलीत घातल्या आणि म्हणाल्या की लई ग्वाड अक्षर हाय तुमचं, जाळाया जीव व्हत न्हाई.

शेवटी एकच उरली, ती पाठवते. आमच्या वहीत बाळाचं नाव, वजन, लस असे रकाने असतात. अर्थ असा:

वहीत ओळ
शारोन एवढंच
वजन कोरं

आत्या, एक विचारते. मला रागावू नकोस. दफनभूमीत कोणत्या बाजूला आहे? मी दोन दिवसांनी शुद्धीवर आले तोवर सगळं उरकलं होतं. जोएल सुप्याहून पोचला तेव्हाही तुम्ही परत आला होतात. आम्हा दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त तू. भिंतीकडे आहे की झाडाखाली, एवढंच सांग. तिथे काही करणार नाही मी. नुसतं माहीत हवं.

तुझ्या लोभावर अजून अवलंबून असलेली,
एस्तेर


देवळाली प्रवरा
१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. एस्तेर हिस,
सप्रेम सलाम, आशीर्वाद. वि. वि. चिठ्ठी तपासली. दहापैकी चार. उतरतेस तू.

कवितेसारखं यात काही झालेलं नाही, हे दवाखान्याचं दप्तर झालं. आणि ही शारोन कोण? ओळखीपाळखीच्या बायकांच्या लेकरांची नावं हायकूत घालायची नसतात. वाचणाऱ्याला त्यांचं काय सोयरसुतक? मी नाव खोडलं आहे, तिथे 'अ चाइल्ड' असं घाल, उच्चारही तेवढेच होतात. तोच तोच विषय पुरे झाला.

दुसरं जे विचारलंस त्याचं उत्तर मी देणार नाही. ते तुझ्या भल्यासाठी. जागा कळली की माणूस तिथे जाऊन बसतं, उठत नाही. तुझा बाप तुझ्या आईच्या थडग्यापाशी वर्षभर बसला होता, तेव्हा तुला भरवायला मी होते. बाप्तिस्मा न झालेल्या लेकराला आपल्यात घंटा नाही, चर्चच्या वहीत नाव नाही, क्रूस नाही. जुन्या लोकांनी हे काही विचारानेच ठरवलं असेल. खूण नसली की मन लवकर बरं होतं.

फॉर्म भर. महिनाअखेर शेवटची तारीख आहे.

रागावलीस तरी लोभ माझ्याकडून चालू आहे.
दया


उपकेंद्र, ता. अकोले
१२ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाईंस,
सलाम. वि. वि. चिठ्ठी मिळाली.

शारोन माझी मुलगी. पाचव्या महिन्यात मी हे नाव ठरवलं होतं. जोएललाही सांगितलं नव्हतं, कारण बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी विचारल्यावर मोठ्याने सांगायचं होतं. वर्षभर हे नाव मी कुणापुढे उच्चारलं नाही. पहिल्यांदा लिहिलं ते तुमच्या शिकवणीच्या चिठ्ठीवर, इंग्रजीत, सगळ्यात चांगल्या अक्षरात. वाटलं होतं की तुम्ही विचाराल. तुम्ही विचारलंतही, आणि उत्तराची वाट न पाहता लाल शाईने खोडलंत. दोन रेघा मारल्यात, एक पुरली नाही.

मी फॉर्म भरणार नाही. परदेशी जाऊन मी काय करू? तिथेही बाळंतिणी असतील. आता मंगळवारी लेकरू झोळीत घालायला उचलते आणि तशीच उभी राहते. गेल्या खेपेला छबूबाईंनी माझ्या हातातून घेतलं आणि वजन त्यांनीच केलं. मला काही बरं वाटेल असं आता वाटत नाही. सकाळ होते याचाच कंटाळा येतो. तुम्ही सुख-दुःख लिहू नको म्हणाला होतात, म्हणून हे पत्रात लिहिते, हायकूत नाही.

तुमचा नियम होता की डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहायचं. मी तिला पाहिलंच नाही, तर मी काय लिहिणार? पाहिलं तुम्ही. तुम्ही लिहा.

एस्तेर


देवळाली प्रवरा
४ ऑक्टोबर २०२५

माझ्या एस्तेरला,
सलाम.

तू मला 'तुम्ही' म्हणालीस. पस्तीस वर्षांत मी किती पोरांच्या वह्यांवर रेघा मारल्या असतील, एक रेघ कशी लागते ते मला आत्ता कळलं. पत्र आल्या दिवशीच मी उठून दफनभूमीत गेले. वाटलं होतं की जागा शोधते, एक दगड ठेवते आणि तुला सविस्तर कळवते, मग माफी मागते.

जागा सापडली नाही, एस्तेर.

भिंतीकडच्या कोपऱ्यात भोकराचं झाड होतं, त्याच्या उजव्या हाताला तिला ठेवलं होतं हे मला स्वच्छ आठवत होतं. झाड नाही आता. पावसाळ्याआधी साफसफाई झाली तेव्हा मशीन लावून तो सगळा कोपरा सपाट केला आहे आणि त्यावर कमरेएवढं गाजरगवत माजलं आहे. खड्डा खणणाऱ्या दानीएलला घरून बोलावून आणलं. तो बिचारा गवतात बराच फिरला. म्हणाला की बाई, त्या साली तीन ल्हान लेकरं ठिवली हितं, पर कंचं कुठं ते म्या कसं सांगू, खूण कुठं हुती. त्यानंतर तो टोपी काढून उभा राहिला. मीही उभी राहिले. कुठे तोंड करून उभं राहायचं तेही कळेना.

खूण नको असं मीच त्याला त्या दिवशी सांगितलं होतं. त्याने दोन काटक्यांचा क्रूस बांधून आणला होता, मी तो परत न्यायला लावला. वहीत नाव नसलेल्याला क्रूस नसतो, असं त्याला मी शिकवलं. जुन्या लोकांवर ढकललं ते खोटं होतं, ठरवलं मीच. तू उठायच्या आत सगळं उरकावं, तुला काही दिसू नये, म्हणजे तू रडणार नाहीस, एवढीच घाई होती मला. मला तुझं रडणं सोसत नाही, लहानपणापासून सोसलं नाही. हे काही कारण म्हणून सांगत नाही.

तू लिहायला सांगितलंस. मी इंग्रजी शिकवलं, पण जन्मात एक कविता लिहिलेली नाही. हायकू मुलांकडून लिहून घेतले आणि गुण दिले. आता रोज बसते. इंग्रजीत पहिली ओळ होते आणि पुढे सगळे शब्द परके वाटतात.

तू तिथे एकटी राहू नकोस. छबूबाईंना सोबतीला झोपायला बोलाव. मी जोएललाही फोन केला आहे आणि त्याला सगळं सांगितलं आहे, नावासकट. तो म्हणाला की मी रजा टाकतो.

लोभ मागायचं तोंड राहिलं नाही, उत्तर तेवढं मागते.
दया


उपकेंद्र, ता. अकोले
२० ऑक्टोबर २०२५

आत्या,
सलाम. पत्र वाचलं. जागा गेली हे वाचून मी दिवसभर ओट्यावर बसून होते. जोएल चार दिवस होता. त्याने स्वयंपाक केला, मी जेवले नाही. छबूबाई रोज येतात. सोबतीचं तू लिहायच्या आधीच त्या अंथरूण घेऊन आल्या होत्या. राजूरच्या डॉक्टर बाईंकडेही त्याच घेऊन गेल्या, गोळ्या चालू आहेत. तुला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. खोटं लिहीत नाही.

लिहिलंस का?

एस्तेर


देवळाली प्रवरा
११ डिसेंबर २०२५

माझ्या एस्तेरला,
सलाम. आज वर्ष झालं. आजच्या दिवशी तुझ्याकडे यायला निघाले होते, संगमनेरपर्यंत पोचले आणि गुडघ्यांनी दगा दिला, तशीच परत आले. म्हणून पत्र.

मी बावीस चिठ्ठ्या लिहिल्या. इंग्रजीत एकही जमली नाही. सगळ्यांत मी काहीतरी शिकवत होते, समजूत घालत होते. शेवटी माझेच नियम पाळले. मराठीत लिहिली. त्या दिवशी मी तिला माझ्या निळ्या टॉवेलात गुंडाळून नेलं होतं. चेहरा मी नीट पाहिला नाही, घाबरले होते. रिक्षातून उतरताना टॉवेल सरकला तेवढंच पाहिलं आणि लगेच झाकलं. वर्षभर मी ते स्वतःपासूनही झाकून ठेवलं. हे एवढंच माझ्याकडे आहे आणि ते तुझं आहे.

टॉवेलातून
अंगठ्याहून लांब
दुसरं बोट

तपासायची ती तू तपास. गुण देऊ नकोस.

तुझी, आणि शारोनची,
दया आत्या


उपकेंद्र, ता. अकोले
१९ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
एस्तेरचा सप्रेम सलाम. वि. वि. पत्र बुधवारी मिळालं. वाचून घडी घातली, उघडली, परत घडी घातली. नाडीवर मोजलं नाही.

काल गुरुवार होता. जोएल आला, त्याच्यासमोर ठेवलं. त्याने तीन ओळी वाचल्या, कागद खाली ठेवला आणि माझ्या पायाकडे पाहिलं. मग खाली फरशीवर बसला, माझं ते बोट मुठीत धरलं आणि रडला. पहिल्यांदाच रडला. जेवण निवून गेलं, तरी त्याने सोडलं नाही. छबूबाई दारापर्यंत येऊन परत गेल्या.

मला बरं वाटतंय असं समजू नकोस. नाताळाची चांदणी या वर्षी लावणार नाही. परीक्षेचं विचारू नकोस. पण आज पहाटे उठून तुझ्या तीन ओळींचं इंग्रजी केलं. कुठेही अडलं नाही. वर तिचं नाव लिहिलं आहे. चिठ्ठी सोबत आहे. तुझ्या बायबलात ठेव.

तपासू नकोस.

तुझी,
एस्तेर